उजवी भुवई, डावी भुवई

त्या मावशींनी स्वतःच्या डाव्या भुवईवर टेकवलेलं बोट मी आजही विसरलेलो नाही.

मी तेव्हा गेवराई तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शेतातून घरी निघालेल्या या मावशींचं गळ्यातलं डोरलं भरदुपारी तलवाड्याच्या रस्त्यावर कुणीतरी हिसकावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं गाव ठाण्याच्या आवारात! पुढाऱ्यांच्या हातातल्या मोबाईलवर एका गॅरेजवाल्या तरुणाचा फोटो. तो त्या दुपारी त्याच रस्त्यानं जाताना कुणालातरी दिसला होता. तेवढ्यावरून त्या तरुणानं स्वतःचा स्वतःच काढलेला तो फोटो त्याच्या स्टेटसवरून उचलून 'हाच चोर' म्हणून रातोरात गावभर फिरवला गेला.

"साहेब, आत टाका त्याला, न्हाई तर आमी बघतो," पुढारी म्हणाले.

'आमी बघतो'चा अर्थ मला चांगला कळत होता. संध्याकाळपर्यंत त्याचं गॅरेज जाग्यावर राहिलं नसतं. चौकशीसाठी आणि त्याच्या जिवासाठीही मी त्याला ठाण्यात आणून समोर बसवलं.

"गेलतो साहेब त्या रस्त्यानं. ट्रॅक्टर बंद हाय म्हणून बोलावलतं, पर मालक भेटलाच न्हाई. खोटं कावून बोलू?"

माझ्या हवालदारांच्या मते तपास तिथंच संपला होता. मला मात्र शंका आली. लबाड माणूस साक्षीदार तयार ठेवून येतो. याच्याकडे एकही नव्हता.

मग महिला शिपायाला सोबत घेऊन दुसऱ्या खोलीत मावशींचा जबाब सुरू केला.

"तोंडाला रुमाल हुता. पर भुवई दिसली. हितं, त्याच्या डाव्या भुवईला कापल्याची खूण," त्यांनी डाव्या भुवईवर बोट ठेवलं. "ह्या डोळ्यांनी बघितली, साहेब."

बाई खोटं बोलत नव्हत्या, याची मला खात्री होती. पण त्या तरुणाची खूण मी नुकतीच जवळून पाहिली होती आणि ती उजव्या भुवईवर होती! मी तो मोबाईल पुन्हा मागवला. फोटोत मात्र खूण त्याच्या डाव्या भुवईवर दिसत होती. आपणच आपला फोटो काढला की काही मोबाईल आरशासारखी बाजू पलटवतात. म्हणजे मावशींनी ती भुवई रस्त्यावर पाहिलीच नव्हती. ती मोबाईलमध्ये पाहिली आणि मनानं नेऊन चोराच्या रुमालावर बसवली. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या डोक्याचं फार कौतुक वाटलं.

"मावशी, डोळे मिटा. फोटो विसरा. हात गळ्याशी आला तेव्हा काय जाणवलं तेवढंच सांगा."

त्यांनी डोळे मिटले, हात गळ्याशी नेला. "वास आला. लई उग्र. शाळंला रंग देत्यात ना, तसला."

गावातल्या शाळेचं रंगकाम चालू होतं आणि एक रंगारी काम अर्धं टाकून आदल्या दुपारीच गेला होता. पाटोद्याच्या बाजारात तो त्याच दुपारी सापडला. थोडा वेळ टोलवाटोलवी झाली, मग कबुली आली. डोरलं पंचांसमक्ष रंगाच्या डब्यातून निघालं.

"मंग माजं डोळं खोटं का, साहेब?" मावशींनी विचारलं.

मी म्हणालो, "डोळे खरे. आत एक पंचनामा लिहिणारा बसलाय, तो घाईत असतो. जागेवर दिसलं नाही ते तो घरबसल्या भरतो आणि सही मात्र डोळ्यांची घेतो."

त्या उठल्या. बाहेर आल्या, बाकावर बसलेल्या त्या तरुणाच्या उजव्या भुवईवर बोट ठेवलं. "हितं हाय की रं खूण." मग आवारात अजून थांबलेल्या पुढाऱ्यांकडे वळल्या. "म्या चुकले. ह्याच्या गॅरेजला कुणी हात लावला, तर आधी माज्याशी गाठ हाय."

आवार हळूहळू रिकामं झालं.

पुढं साक्षीदार कितीही प्रामाणिक असला, तरी घटनेनंतर त्याला कुणी काय दाखवलं, हे मी आधी विचारत गेलो. या तपासाबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती आनंदानं थोपटून घेतली. पण चोर पकडणारे अधिकारी पुष्कळ असतात. सगळ्या गावासमोर स्वतःच्या डोळ्यांविरुद्ध जबाब देणारा साक्षीदार मला सबंध नोकरीत एकच भेटला.