दारात अडलेलं नाताळचं झाड

पोरांनो, तुमच्या शहरात नाताळची झाडं दुकानाबाहेर रांगेत उभी असतात, हे तुमच्या फोटोंत पाहिलं. आमगावच्या बाजारात डिसेंबरात मेथी आणि वाटाण्याचे ढीग असतात, झाड नसतं. तरी यंदा तुमच्या काका-काकूने आपलं पहिलं झाड आणलंच. ते क्रमाने सांगते. क्रम सोडून सांगणं मला जमत नाही, हे तुमचे बाबा जाणतातच.

काकू आपल्या घरी आली ती गेल्या उन्हाळ्यात. तिचं माहेर छत्तीसगडातलं, ख्रिस्ती. तिकडे नाताळला बडा दिन म्हणतात. निरोपाच्या वेळी तिच्या बाबांनी तिच्या हातात पत्र्याचा एक तारा ठेवला होता. ती लहान असताना त्यांनीच तो कापला होता आणि दरवर्षी झाडाच्या शेंड्यावर तो लागायचा. "बेटी, बड़ा दिन मत छोड़ना," एवढंच ते म्हणाले. आता ते नाताळच्या आदल्या दिवशी, सकाळच्या गाडीने, पहिल्यांदाच आपल्या घरी येणार होते. "आई, बाबा दारात आले की तारा वर दिसला पाहिजे," काकू मला आठवडाभर सांगत होती. पोरगी इथे आपलं काही विसरली नाही, हे तिला त्यांना बोलून नव्हे, दाखवून सांगायचं होतं.

ते यायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं टेम्पोने फुलचूरच्या रोपवाटिकेत गेलो. तिथे एका कोपऱ्यात कुंड्यांमधून ती झाडं होती, फांद्यांचे मजले एकावर एक चढलेले. काका सगळ्यात उंच झाडापाशी जाऊन उभा राहिला.

"हेच!"

"एका बाजूने टक्कल आहे त्याला," काकू म्हणाली.

"ती बाजू भिंतीकडे करू."

"मग लग्नाच्या फोटोत तुम्हालाही भिंतीकडे तोंड करून उभं करायला हवं होतं."

रोपवाला खो-खो हसला. मीही हसले, उगाच कशाला लपवू! तिने प्रत्येक झाडाभोवती फेरी मारली, फांद्या हाताने उचलून पाहिल्या आणि शेवटी एक निवडलं. काकापेक्षा हातभर उंच, सगळीकडून सारखं भरलेलं, शेंडा सरळ. काका खोलीची उंची टेपने मोजूनच आला होता. "आरामात मावते," तो म्हणाला.

परतताना मी पुढे बसले, ती दोघं मागे झाड धरून. रस्त्यात एका बाईने ओरडून विचारलं, "कोनाचं लगन आहे जी?" काका ओरडला, "झाडाचं!" काकूचं हसू पुढे माझ्यापर्यंत ऐकू येत होतं.

आपल्या घराचं दार तुम्हाला आठवत असेल. चौकट इतकी बुटकी की आपण सगळे वाकून आत जातो, आणि इतक्या वर्षांत वाकतो आहोत हेही कुणाच्या लक्षात राहत नाही. धान कापलं की त्या चौकटीला नव्या लोंब्यांचा झुपका बांधतात, चिमण्यांसाठी. काकाने कुंडी छातीशी कवटाळली, सवयीने मान खाली घातली आणि निघाला आत. तो वाकला, झाड कशाला वाकेल? कट्‌ करून आवाज झाला आणि शेंडा काकूच्या पायाशी पडला.

ओसरीत बसलेले आजोबा म्हणाले, "काऊन गा, खोली मोजली, दरवाजा कोन मोजन?"

काका कुंडी तशीच धरून उभा. काकूने शेंडा उचलला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आता तारा कुठे लावू?" ती म्हणाली. "काही होत नाही," मी म्हटलं.

मग तिची नजर वर गेली. चौकटीवर तो सोनेरी झुपका डुलत होता.

"आई, हा घेऊ?"

चिमण्यांनी दाणे संपवेपर्यंत तो झुपका काढायचा नसतो, माझ्या सासूबाईंचा तसा दंडक होता. मी आजोबांकडे पाहिलं.

"घे बाई," ते म्हणाले. "चिमण्याईले का, दारात खावो का झाडावर खावो."

मग काय धांदल! झाड आत न्यायचंच नाही, ओसरीतच ठेवायचं, असं काकूने ठरवलं. काकाने बांबूची कामटी तासली, शेंडा मोडला होता तिथे बांधली आणि तिच्यावर झुपका बसवला. काकूने आपल्या डब्यातले चमकते गोळे काढले, मी लग्नाच्या चुड्यातल्या उरलेल्या हिरव्या बांगड्या दिल्या. आजोबांनी दिवाळीची दिव्यांची माळ लावली, तर अर्धीच पेटली. "पेटली तेवढीच समद्या बाजूले फिरवा," ते म्हणाले. सगळ्यात शेवटी काका स्टुलावर चढला आणि काकूने तारा त्याच्या हातात दिला.

"नाही," तो खाली उतरत म्हणाला, "तू लाव." त्याने स्टूल धरलं आणि लोंब्यांच्या मधोमध तिने तारा बांधला.

सकाळी काका तिच्या बाबांना स्टेशनवरून घेऊन आला. फाटकाचा आवाज ऐकताच काकू धावली आणि मधेच थबकली. झाडावर चिमण्या होत्या! झुपक्यावर नुसती झुंबड, फांद्या हलताहेत, बांगड्या किणकिणताहेत. ती हाकलायला हात उचलणार, तोच तिच्या बाबांनी अंगणातूनच तिला खुणेने थांबवलं.

"रहने दे," ते हळूच म्हणाले. "हमसे पहले मेहमान आ गए." मग बराच वेळ ते वर ताऱ्याकडे पाहत राहिले. काकू त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चिमण्यांच्या भाराने तारा एका बाजूला कलला होता. कललेलं काही मला बघवत नाही, भिंतीवरची चित्रं मी कशी सरळ करत फिरते ते तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या सकाळी मी जागची हलले नाही.