प्रतीक्षा यादीतला वैद्य

आमच्या घरमालकीण अक्कांनी निवृत्त झाल्यावर जेवढ्या माणसांना कामाला लावलं, तेवढ्यांना नोकरीत असतानाही लावलं नसेल. अडचण एवढीच की ही कामं ज्या गावात आहेत ते गाव पृथ्वीवर नाही. ते संगणकात आहे. तिथल्या अजगराला तीन तोंडं असतात, काही माणसांना शेपट्या असतात, आणि वेशीतून आत येणाऱ्या प्रत्येक नवख्याला आधी आपला वंश निवडावा लागतो आणि मग काम. जगभरातली पोरंसोरं घरबसल्या एकत्र हा खेळ खेळतात. अक्का एकोणसत्तर वर्षांच्या आहेत. अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा असतो, आणि तो चुरगळू नये म्हणून हेडफोनचा पट्टा त्या डोक्यावरून न घेता हनुवटीखालून घेतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, दाढ दुखतेय म्हणून काहीतरी बांधलंय.

घर शिवाजीनगरच्या बाजारामागे, एका गल्लीत; हे शिवाजीनगर कन्नड मुलखातलं. अक्कांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहूनच गेलं. तेव्हापासून त्यांच्या घरातल्या मराठीला कन्नडची फोडणी आहे. मी बेळगावकडचा, नोकरी व्हाइटफील्डला, दोन्ही भाषा तोंडात बसलेल्या. त्यामुळेच खोली मिळाली अशी माझी बरेच दिवस समजूत होती. प्रत्यक्षात मला खोली मिळाली ती धनुष्यवाल्याची जागा रिकामी होती म्हणून.

त्याचं असं झालं. खोली बघायला गेलो तेव्हा अक्कांनी लग्नाचं विचारलं नाही, गावाचं विचारलं नाही. ‘लसूण आत आणायचा नाही’ एवढी एकच अट सांगितली, मला खुर्चीवर बसवलं आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातून आणवलेलं चौचौ बातचं ताट पुढे ठेवलं. एका बाजूला तिखट खाराबात म्हणजे आपला उपमा, दुसऱ्या बाजूला गोड केशरीबात म्हणजे शिरा, मध्ये चटणी. मग एक लांबलचक रजिस्टर उघडून त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत बसल्या. ताट एकच होतं. मला संकोच वाटला. म्हटलं, “अक्का, तुमचं ताट?” झालं! त्यांनी भराभर काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “वैद्य.”

“मी सॉफ्टवेअरमध्ये आहे अक्का.”

“ते पोटासाठी रे. मी कामाचं बोलते.”

अक्कांनी तीस-बत्तीस वर्षं एका सरकारी कारखान्याच्या भरती विभागात काढली होती. त्यांच्या मते मुलाखतीत माणूस खोटं बोलतो, ताटापुढे त्याला ते जमत नाही. म्हणून उमेदवारांना आधी कॅन्टीनमध्ये पाठवायचं आणि आपण खांबामागे चहा पीत बघत बसायचं, अशी त्यांची पद्धत होती. तीच त्यांनी या खेळात आणली. तिखट आधी खाणारा तलवारीला बरा. गोड आधी खाणारा मांत्रिक, कारण त्याला धीर नसतो आणि मंत्र एकदम टाकायचे असतात. चटणी संपेपर्यंत बोलतच राहणारा काहीच कामाचा नाही, त्याला पुढाऱ्याचं काम द्यावं. आणि जो स्वतःच्या ताटाआधी दुसऱ्याचं ताट बघतो, तो वैद्य. वैद्याने सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, लढणाऱ्या प्रत्येकावर नजर ठेवायची आणि कुणाचं रक्त कमी झालं की हिरवा उजेड फेकून त्याची जखम भरून काढायची. बोटं चपळ हवीत. निमिषभर उशीर झाला की समोरचा आडवा.

“पण वैद्याची जागा भरलेली आहे,” अक्का म्हणाल्या. “मी आहे. तुझं नाव प्रतीक्षा यादीत घालते. तोवर धनुष्य धर.”

मला खरं तर पाठीवर भली मोठी तलवार हवी होती. तसं म्हणताच त्यांनी “अय्यो” म्हणून रजिस्टर मिटलं.

त्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर कारखान्यातल्या ठसठशीत अक्षरात ‘नवीन माणसांसाठी’ असं लिहिलेलं आहे. आत एकेका वंशाची अशी माहिती आहे की इतिहासाच्या मास्तरांनी हात टेकावेत. माणूस या वंशाबद्दल त्या लिहितात की हा कशात विशेष नाही आणि कशात वाईट नाही. घरचे काय म्हणतील याची काळजी असणाऱ्याने हाच घ्यावा. उंच, देखणे, लांब कानांचे जे असतात ते जादूला चांगले, पण फुलाचा मार सोसत नाहीत. त्यांच्यासाठी समासात ‘नाव सोनूबाई’ एवढंच लिहून ठेवलंय, हातातल्या कथलाच्या वाळ्याचं आपण समजून घ्यायचं. शेपटीवाले पळायला चपळ, पण नवख्याचा निम्मा वेळ स्वतःचं शेपूट हलताना बघण्यात जातो. अक्का स्वतः गिड्ड्या वंशातल्या. गिड्डे म्हणजे कमरेएवढ्या उंचीचे, गोल नाकाचे, मूर्ती लहान पण कीर्ती महान. अक्कांनी आपल्या गिड्डीला पांढरा अंबाडा घातला होता आणि हातात तिच्या दुप्पट उंचीची वैद्याची काठी दिली होती. नवखे लोक नाक बसकं की धारदार ठरवण्यात दोन-दोन तास घालवतात, याचा त्यांना मनस्वी राग. “नमनालाच घडाभर तेल! अरे, शिरस्त्राण घातल्यावर नाक कोण बघणार तुझं?”

कामांमध्येही त्यांनी प्रतवारी लावली होती. लढणारी कामं वर, सुतार-लोहार-आचारी मध्ये, आणि सगळ्यात खाली, शेवटच्या पानावर, मासेमार. तळ्याकाठी बसायचं, गळ टाकायचा, गळाला हिसका बसला की एक बटण दाबायचं. “ती नोकरी नव्हे,” अक्का म्हणायच्या, “ती पेन्शन.” शिवाय लसूणही न चालणाऱ्या घरात मासे धरण्याच्या कामाची शिफारस करणं त्यांच्या जिवावर येई.

ताटाची परीक्षा न देता नेमणूक झालेला इतिहासात एकच माणूस आहे, तो आमचा ढालवाला. हा देवनहळ्ळीचा, विमानतळावर टॅक्सी चालवतो. पुतणीला सोडून परत येताना अक्का त्याच्या गाडीत बसल्या होत्या. हा खेळ मुळात त्या पुतणीचाच. ती पाय मोडून दोन महिने अक्कांकडे राहिली, पाय बरा झाल्यावर ती गेली आणि खेळ राहिला. तर परतीच्या वाटेवर हेब्बाळच्या पुलाखाली गाड्या अशा अडकल्या की मागचे तासभर हॉर्न वाजवत होते. या माणसाने ना मान वळवली, ना शिवी दिली, शांतपणे सुपारी चघळत राहिला. एवढे हॉर्न पाठीवर घेणारा माणूस ढालीसाठीच जन्मलाय असं अक्कांनी तिथल्या तिथे ठरवलं आणि घर येईपर्यंत त्याच्या फोनवर खेळ उतरवूनही घेतला. आता तो दर रविवारी सकाळी विमानतळाच्या पार्किंगमधून अजगरासमोर उभा राहतो. गिऱ्हाईक आलं तर रीतसर कळवतो, “अक्का, अर्धी रजा.” रजा तोंडी चालत नाही, लिहून पाठवावी लागते. मी एकदा ताप आला म्हणून आलो नाही, तर मजला चढून वर आल्या, कपाळाला हात लावून पाहिला आणि मगच रजा मंजूर केली.

असं सगळं ठीक चाललं होतं. मग यंदा एका रविवारी अजगराने आम्हाला खाल्लं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा खाल्लं. तिसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की ढालवाला नेहमीच्याच जागी उभा असतो, मार नेहमीएवढाच बसतो, फक्त अक्कांचा हिरवा उजेड उशिरा येतो. कधी तो ढालवाल्याऐवजी माझ्यावरच पडे, आणि मी तर ठणठणीत. हेडफोनमध्ये ढालवाल्याचं “अक्का, स्वल्प बेगा!” ऐकू यायचं. जरा लवकर, एवढंच त्याचं मागणं. पुढे पुढे तेही म्हणायचं त्याने सोडून दिलं.

अक्कांनी त्याला ‘कारणे दाखवा’ नोटीस काढली. जागेवर उभा का राहत नाहीस, असं विचारलं. देवनहळ्ळीहून एका शब्दाचं उत्तर आलं, “तप्पायितु.” चूक झाली. चूक त्याची नव्हती हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि मीही इंटरनेट हळू चालतंय म्हणून खोटं सांगून मोकळा झालो. या खोट्याची मला अजून लाज वाटते. अक्कांच्या आयुष्यात रोज वाट बघावी असं एकच काम उरलं होतं आणि तेच त्यांच्या बोटांतून निसटत होतं, हे तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही.

सांगावं लागलंच नाही. एका सकाळी त्या मला कॉफी देत होत्या. पेला आणि वाटी एकमेकांवर किणकिणत होते. थोडी कॉफी माझ्या हातावर सांडली. त्यांनी पदराने माझा हात पुसला, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, चांगला वेळ लावून बघितलं. डॉक्टर वय झालं म्हणतात, इतकंच बोलल्या आणि आत गेल्या.

त्या शनिवारी चार वाजता त्यांनी मला बोलावलं. खोलीत गेलो तर खुर्च्यांची अदलाबदल झालेली. रजिस्टर माझ्या बाजूला, आणि अक्का उमेदवाराच्या खुर्चीवर, नवी साडी नेसून, ताठ बसलेल्या. टेबलावर चौचौ बातची दोन ताटं.

“हे काय अक्का?”

“उमेदवार आलाय. मुलाखत घे. ओळखीचा आहे म्हणून सूट नको. जे दिसेल ते लिही.”

मला हसू येईना आणि उठताही येईना. त्यांनी चमचा उचलला. तो ताटावर टकटक वाजायला लागला, तसा त्यांनी खाली ठेवला. मी पेन धरून बसलो होतो आणि कुठे बघावं ते कळत नव्हतं. मग अक्का पुढे झुकल्या. “तुझ्या केशरीबातात काजू आला नाही रे,” म्हणाल्या, आणि स्वतःच्या ताटातला काजू दोन बोटांत धरून माझ्याकडे आणू लागल्या. तो वाटेत दोनदा पडला. मी मदत करायला हात पुढे केला, तर डोळे वटारले. तिसऱ्या खेपेला काजू माझ्या ताटात पोचला.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं, वैद्य.

त्यांनी ते उलटं असतानाच वाचलं. “खोटं लिहिलंस?”

“नाही अक्का. तुमच्याच नियमाने लिहिलं की. स्वतःच्या आधी दुसऱ्याचं ताट.”

“नियम खरा आहे,” त्या म्हणाल्या. “पण हात चालत नसेल तर? कारखान्यात आम्ही काय करत होतो ठाऊक आहे? हात अधू झाला म्हणून माणूस काढत नव्हतो. हलकं काम देत होतो. कित्येकांना मी स्वतः दिलंय. ते रडायचे आणि मी म्हणायची, अरे, पगार तोच आहे, रडतोस कशाला.” मग त्यांनी रजिस्टर आपल्याकडे फिरवलं, पेन घेतलं आणि स्वतःच्या नावापुढे लिहू लागल्या. त्यांचं ते ठसठशीत अक्षर आता नांगरल्यासारखं वेडंवाकडं उमटत होतं. मासेमार. त्यानंतर पानं उलटून माझं नाव काढलं आणि त्यापुढच्या ‘प्रतीक्षा यादी’ या दोन शब्दांवर एक रेघ ओढली. रेघही सरळ आली नाही.

“सरी, ठरलं,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून काठी तुझी. तीन महिने उमेदवारी.”

तेव्हापासून आमच्या त्या गावात वेशीजवळच्या तळ्यावर पांढऱ्या अंबाड्याची एक गिड्डी म्हातारी गळ टाकून बसलेली असते. येणारा प्रत्येक नवखा आधी तिच्या तावडीत सापडतो. ती त्याला नाकाचा नाद सोडायला सांगते, वंशांचे गुणदोष सांगते आणि जेवताना आधी काय खातोस असं विचारते. बिचाऱ्यांना वाटतं, खेळातच असं कोणीतरी बसवलेलं आहे. आम्ही अजगराच्या गुहेकडे निघालो की ती आम्हाला थांबवते आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक भाजलेला मासा ठेवते. त्याने म्हणे दम वाढतो. जिच्या स्वयंपाकघरात लसूण फिरकला नाही ती बाई सकाळपासून वीस मासे भाजून वाट बघत असते. “उपाशी जाऊ नका रे,” असं हेडफोनमधून ऐकू येतं. मी वैद्य म्हणून फार वाईट आहे. पहिले दोन महिने ढालवाला माझ्या हातून इतक्या वेळा मेला की दुसरा कोणी असता तर त्याने राजीनामा दिला असता. तो आपला दर वेळी उठून म्हणतो, “तप्पायितु.”

मागच्या रविवारी अजगर पडला. मी आनंदाने ओरडत खाली अक्कांकडे धावलो. त्यांनी शाबासकी दिली नाही. “ढालवाल्याचं रक्त किती उरलं होतं?” असं विचारलं. निम्म्याच्या वर, असं सांगितल्यावर मान डोलावली आणि पुन्हा गळाकडे बघू लागल्या.

काल शनिवार होता. चार वाजता आम्ही नेहमीसारखे ताटं घेऊन बसलो. अक्का आता चमच्याऐवजी हाताने खातात, सावकाश. गप्पा मारता मारता मी माझ्या केशरीबातातला काजू उचलून त्यांच्या ताटात ठेवला. मुद्दाम नाही, खरंच. बोटांनी आपोआप केलं. अक्का खायच्या थांबल्या. काजूकडे बघितलं, मग माझ्याकडे. रजिस्टर शेजारीच होतं, ते त्यांनी उघडलं नाही.

“तीन महिने झाले,” त्या म्हणाल्या. “कायम झालास.”

नोकरीत कायम झालो तेव्हा मी बेळगावला घरोघर पेढे वाटले होते. काल माझा चमचा ताटातच राहिला. उमेदवारी चालू होती तोवर जागा त्यांचीच आहे आणि मी ती नुसती राखतोय, असं मी धरून चाललो होतो. अक्कांनी मात्र तो काजू उचलला. या वेळी तो वाटेत पडला नाही. तोंडात टाकून म्हणाल्या, “खा आता. निवतंय.”