सासऱ्यांच्या दाताला मारलेला रंधा

हा घोळ मी बायकोसमोर कधीच सांगत नाही. आज ती माहेरी गेलीये, तर ऐका!

मी मूळचा सुतार. नांदे-चांद्याच्या नव्या इमारतींत दारं बसवायचो. गुडघे कुरकुरायला लागले, तसा भुकूमच्या एका दातांच्या लॅबमध्ये लागलो. डॉक्टर माप पाठवतात, आम्ही कृत्रिम दात बनवतो.

दुसऱ्याच आठवड्यात कुणाचा दात यावा? माझ्या सासऱ्यांचा! तोही पुढचाच. मेहुणीचा साखरपुडा परवावर आलेला, आणि मामांनी, म्हणजे सासऱ्यांनीच, बजावलेलं, "जावईबापू, पाव्हण्यांम्होरं ह्ये खिंडार घिऊन मी बसायचो न्हाई. दात न्हाई, तर मी बी न्हाई!"

मशीननं पांढऱ्या ठोकळ्यातून दात कोरून दिला. हाताला अगदी खडूसारखा मऊ. साच्यावर लावून बघतो तर चांगलाच मोठा! शेजारच्या दातांमध्ये शिरेचना.

आता मला सांगा, दार चौकटीत बसत नसेल तर सुतार काय करतो? रंधा मारतो! लॅबच्या मॅडम फोनवर होत्या. एवढ्याशासाठी त्यांना कशाला त्रास? बारीक कानस घेतली, दोन्ही बाजू घासल्या आणि दात अस्सा बसवला की माझाच ऊर भरून आला. मग ठेवला भट्टीत.

सकाळी भट्टी उघडली. आत उंदराला शोभेल असा दात!

म्हटलं, पुरावाच नको. फळीवर ठेवून हातोडी हाणली. दात लाकडात रुतला, पण फुटला नाही! पुन्हा हाणली. साधा ओरखडा नाही. कालचा खडू तो हाच? मी भीती विसरून बघतच राहिलो.

आवाजानं मॅडम धावत आल्या. मी सगळं कबूल केलं.

"अहो, भट्टीत कण एकमेकांना घट्ट चिकटतात, दात आकसतो. म्हणून तर मुद्दाम मोठा कोरतो!"

"पण मॅडम, हा फुटत का नाही?"

"तो ठोकळा पावडर दाबून बनवतात, आणि तिच्यात इट्रिया नावाची दुसरी एक पावडर चिमूटभर मिसळलेली असते. त्यामुळे तडा जायला लागला की तिथले कण फुगतात आणि तडा दाबून धरतात."

आपला तडा आपणच अडवणारा दगड! खरं सांगतो, अंगावर काटा आला. चिमूटभर पावडरीची ही करामत!

मॅडमनी दुसरा दात करून दिला. साखरपुड्यात मामा एकेकाला ओठ वर करून दाखवत होते, "बगा, आमच्या जावयाच्या हातचं काम हाय! लई टिकाऊ!"

मी मान खाली घातली. माझ्या हातचं काम लॅबच्या फळीत रुतून बसलं होतं. जन्मात एकच काम असं केलं, जे कधी मोडणार नाही, आणि नेमकं तेवढंच चुकलं!