बाबांचं हृदय आणि उपासाचं मीठ

मी डॉक्टर नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, तोही अजून दुसऱ्या वर्षाला. तरी लिहितोय, त्याबद्दल माफ करा. आमच्यासारखी चूक आणखी कुणाकडे होत असेल, म्हणून.

इथे अमेरिकेत, चँडलरच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी बाबांचा इकोकार्डिओग्राम दाखवला. म्हणजे ध्वनिलहरींनी काढलेलं हृदयाचं हलतं चित्र. त्या म्हणाल्या, "डावी भिंत जाड झालीय." वाढलेल्या रक्तदाबाविरुद्ध वर्षानुवर्षं जोर लावून स्नायू जाडावतो. असंच चाललं तर हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाला पुरेसं रक्त ढकलता न येणं. मी घाबरलो, पण पडद्यावरून नजर हटेना. बाबा किराणा दुकानात दिवसभर पोती उचलतात आणि घरी येऊन झोपतात. हृदय मात्र तेव्हाही थांबत नाही.

बाबांना इंग्रजी कमी येतं, म्हणून दुभाषा मीच. डॉक्टरांनी मिठाबद्दल विचारलं. आई म्हणाली, मीठ कधीच बंद केलंय. मी तसंच सांगितलं. पुढे दोनदा गोळ्या वाढवल्या, तरी रक्तदाब उतरेना.

मग आहारतज्ज्ञांनी तीन दिवसांचं खाणं लिहून आणायला सांगितलं. मी वही घेऊन ओट्यापाशी उभा राहिलो. आईने आमटीत गुलाबी पूड टाकली.

"हे काय?"

"सैंधव."

"उपासाला चालतं, मग बीपीला का नाही चालणार?" बाबा टेबलावरून म्हणाले.

वही वाचून आहारतज्ज्ञ रागावल्या नाहीत. सैंधवातही सोडियम जवळजवळ साध्या मिठाइतकंच असतं, ते शरीरात पाणी धरून ठेवतं आणि दाब वाढवतं, असं त्यांनी समजावलं. आई खोटं बोलली नव्हती; तिच्या लेखी मीठ म्हणजे पांढरं मीठ. एक प्रश्न जास्त विचारायचं काम माझं होतं.

सैंधव, पापड, लोणचं बंद झालं. लिंबू, लसूण, भाज्या, फळं, डाळी आणि अळणी ताक वाढलं. गोळ्या चालूच होत्या.

"हे आजाऱ्याचं जेवण आहे," बाबा कुरकुरले.

"मग तुम्ही कोण आहात?" आई म्हणाली.

काही आठवड्यांत रक्तदाब उतरू लागला. भिंतीचं काय, विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, "स्नायू कधीकधी मागे फिरतो. वाट बघू या." जाडावलेलं हृदय मागे फिरू शकतं, याचं मला आजही नवल वाटतं.

वर्षभराने पुन्हा इको झाला. काल कॉलेजच्या लॅबबाहेर उभा असताना रिपोर्ट फोनवर आला. दोनदा वाचला, मग घरी फोन लावून त्यातलं डॉक्टरांचं वाक्य बाबांना मराठीत सांगितलं: भिंतीची जाडी कमी झाली आहे, आता जवळजवळ नॉर्मल आहे.