फाळक्यावरची थाप

या ग्रुपवरच्या भुतांच्या निम्म्याहून जास्त अनुभवांना मी थापा म्हणतो. पांढरी साडी, उलटे पाय, ऐनवेळी बंद पडलेली मोटरसायकल... वाचायचं आणि हसायचं. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. म्हणूनच हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या अलीकडे. आमचे वडील, आबा, दौंडहून वडाप जीप, म्हणजे सीटमागे पैसे घेऊन प्रवासी नेणारी, चालवायचे. माणसं कोंबून झाली की मागे लटकलेला माणूस फाळक्यावर, मागच्या पत्र्याच्या झडपेवर, थापा मारायचा. दोन थापा म्हणजे चला. एक थाप म्हणजे कुणालातरी उतरायचंय. पुढे आबांची जीप भंगारात गेली, आणि तेच दुसऱ्यांच्या जीपला मागे उभे राहून थापा मारत यायला लागले. सवय जाते कुठे!

माझा धाकटा भाऊ दत्ता शिक्रापूरला कंपनीत वेल्डर आहे. एक दिवस म्हणाला, "आबा, तुमची जीप व्हती तशी बनवतो. तिच्यात बसवून तुम्हाला दौंडावनं घरी आणतो."

रेप्लिका म्हणे, हुबेहूब नक्कल! इंजिन एकाचं, चासी दुसऱ्याची, वर कोरा पत्रा.

"आरं येड्या," मी म्हणालो, "एवढ्या उपद्व्यापात चांगली सेकंडहँड फोर बाय फोर येईल. एसी, पॉवर स्टिअरिंग. हे सोंग कशाला?"

"तुला पायजे ती तू घे, दादा. मला आबांची पायजे."

"आबांची न्हाईच ती. पत्र्याचा डबा हाय."

मी माझी फोर बाय फोर घेतली. दत्ता दर सुट्टीला पत्रा ठोकत बसला. नुसती चासी उभी होती तेव्हाच आबा गेले. स्मशानात दत्ता एवढंच म्हणाला, "थोडं थांबायचं की, आबा..." आणि तरी त्यानं जीप पुरी केली. गेलेल्या माणसासाठी गाडी! मी त्याच्या तोंडावर हसलो.

मग तो दिवस. आईचे डोळे दाखवायला दौंडला जायचं होतं आणि नेमकी माझी गाडी गॅरेजला. गेलो त्या डब्यातून. परत निघालो तेव्हा टळटळीत दुपार. दत्ता चालवत होता, मी शेजारी गुडघे आवळून, आई मागे एकटी. दत्तानं इंजिन चालू केलं... फाळक्यावर दोन थापा पडल्या. आईनंच मारल्या असणार, म्हणून निघालो.

चौफुला, पारगाव, भीमेचा पूल... आणि आमच्या वस्तीच्या फाट्यावर एक थाप. खणखणीत.

दत्तानं ब्रेक मारला. "आई, पिशवी पडली का गं?"

मी मागे वळलो. आई अगदी आमच्या सीटला टेकून बसली होती, हात मांडीवर. फाळक्यापर्यंत तिचा हात पोचणंच शक्य नव्हतं.

"म्या न्हाई वाजवलं," ती म्हणाली. "दौंडातबी न्हाई."

"पत्रा तापलाय," मी खेकसलो. "असला पत्रा लावल्यावर वाजणारच."

तिघंही उतरलो. दत्ता वाकून चाकं तपासायला लागला. मी रस्ता पाहिला. दोन्हीकडे ऊस, चिटपाखरू नाही. आई मात्र सरळ मागे गेली, कड्या काढून तिनं फाळका खाली सोडला, डोक्यावर पदर घेतला आणि बाजूला उभी राहिली.

मागच्या स्प्रिंगचे पाटे करकरले. जीपचा मागचा भाग सावकाश वर उचलला गेला... एखादा जड माणूस उतरल्यावर उचलला जातो तसा. आत कुणी नव्हतं. आम्ही तिघंही खाली होतो.

आईनं फाळका लावला, त्यावर दोन थापा मारल्या. "चला. उतरले त्ये."

दत्ता फाळक्याला कपाळ टेकवून हमसून हमसून रडला. "आणलं की नाय, आबा? आणलं की नाय?"

पाटे नवे असले की अडकतात आणि मग सुटतात, असं एक मेकॅनिक म्हणाला. उन्हानं पत्रा वाजतो, हेही खरं. बरं, मान्य. ती जीप मला आजही डबाच वाटते, आणि तिच्यात पुन्हा कधी थाप पडलेली नाही.

पण माझ्या गाडीतून येताना मी फाट्यावर एसी बंद करतो, काच खाली घेतो आणि कान देऊन थांबतो. आत मऊ सीट आहेत, जागा भरपूर आहे. एवढी भारी गाडी सोडून आबा त्या खोट्या डब्यातच का बसले... याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.