राखेत कालवलेलं खत

थोरला भाऊ गेल्यावर वहिनीनं घरामागच्या परड्यात हळद लावायला सुरुवात केली. शेण, कुजलेला पाला आणि सुक्या मासळीची कुटी, एवढंच तिचं खत. त्या वाफ्यांजवळून जाताना नाक धरावं लागे, पण हळद अशी उतरायची की वाडीतल्या प्रत्येक लग्नाला तीच लागे. विधवा म्हणून वहिनीला नवरीच्या अंगाला हात लावता येत नसे. तिनं पिकवलेली हळद मात्र सगळ्यांना चालायची. वाडीत तिला जो काही मान होता तो तेवढाच.

साठ सालानंतर कधीतरी ग्रामसेवकानं मला मिठासारख्या पांढऱ्या खताचं पोतं दिलं. शेणखत लागवडीच्या वेळी घाला, हे मागाहून थोडं थोडं, रोपापासून लांब, आणि राखेत अजिबात मिसळू नका, असं त्यानं दोनदा बजावलं. मी तेव्हा घरचा नवा कारभारी. कोण ऐकतो मेल्याचं! आम्ही राख घालत नव्हतो की काय इतकी वर्षं? चुलीची राख नि ते खत एकत्र कालवलं आणि ओंजळीनं कोंबांच्या बुडाशीच ओतलं. डोळ्यांतून पाणी काढणारा दर्प सुटला. मला वाटलं, खत जोरदार आहे. वहिनीला विचारलंसुद्धा नाही.

आठ दिवसांत पानं करपली. नागपंचमीला पातोळ्या वाफवायला हळदीची पानं न्यायला आलेल्या बायका वाफे बघून तशाच परतल्या. पौषात खणलं तर करंगळीएवढे गड्डे निघाले. मग वाडी बोलू लागली. विधवेच्या हातची हळद, कधीतरी हे व्हायचंच, शुभकार्याला घ्यायलाच नको होती. माझ्यासमोर बोलले आणि मी मूग गिळून बसलो. त्या वर्षी लग्नांची हळद फोंडाघाटच्या बाजारातून आली.

मे महिन्यात वहिनी वाफे करीना, तेव्हा मला राहवलं नाही. चूक माझी होती, असं मी तिला सांगून टाकलं.

"माका ठावक आसा. तू खत राखेत कालवलंस, तां मी बघलंय."

मग वाडीला सांगितलं का नाहीस, म्हणून मी तिच्यावरच चिडलो. लाज वाटली की माझं असंच होतं.

"लोकांका माका बोलूची सवय आसा," ती म्हणाली. "तुका तां सोसला नसता."

सकाळी उठून वाडीत खरं सांगायचं, असं मी त्या दिवशी ठरवलं. वहिनी त्यानंतर बरीच वर्षं जगली. मी कुणालाही सांगितलं नाही.