सगळ्यांच्या पुढे गंगाधरअप्पा

गंगाधरअप्पा आमचं डोंगर मंडळ सोडणार नाहीत. ही बातमी काल सकाळी त्यांच्या कापडदुकानात खुद्द काशीबाईंनी, म्हणजे अप्पांच्या पत्नीने, पक्की केली. शनिवारी परभणी सोडताना मात्र याची खात्री कुणी दिली नसती.

मंडळ अप्पांनीच काढलेलं. नियमही त्यांचाच: सगळ्यात हळू चालणारा पुढे, आणि त्याला कुणी ओलांडायचं नाही. वाघमारे गुरुजींचा एक पाय लहानपणापासून अधू. पहिल्या सहलीत आम्ही त्यांना मागे टाकून वर पोचलो, तेव्हा अप्पा संतापले आणि हा नियम झाला. तेव्हापासून गुरुजी पुढे, अप्पा शेवटी. पण या उन्हाळ्यात अप्पांनी दवाखान्यात दिवस काढले. आता सगळ्यात हळू कोण, हे सगळ्यांना दिसत होतं.

अप्पांनाही. एसटीत बसल्याबसल्याच ते म्हणाले, "मला पुढं घालाल तर ही शेवटची सहल समजा. मी काय म्हातारा झालो व्हय?"

आमच्यासारखं येलदरी धरणावर जायचं तर परभणीहून सकाळचीच गाडी धरावी. उशीर झाला की जिंतूरला पुढची गाडी मिळेलच असं नाही. वाटेत बोरीला भजी चांगली मिळतात, पण कागदात बांधून घ्या. वाहक कुणासाठी थांबत नाही. जिंतूरपर्यंत दोन्ही बाजूंना ज्वारी आणि कापूस, पुढे जमीन उंचावते आणि साग सुरू होतो.

मुक्काम धरणाच्या कामावेळच्या एका जुन्या बराकीत. लांबलचक खोली, भिंतींना लागून एकावर एक लाकडी माचे. भाडं नाममात्र, अंथरूण, रॉकेल आणि पीठ आपलं आपण न्यायचं. अप्पांनी आपली वळकटी थेट वरच्या माच्यावर फेकली.

"अप्पा, नीचेच सो जाओ की," चौकीदार रज्जाकचाचा म्हणाले.

"तुमच्या डोंगरावर चढायला आलोय, चाचा. माच्याचं काय घेऊन बसलाव?"

माच्यावर चढताना त्यांना दोनदा दम लागला. आम्ही सगळे एकदम चुलीवरच्या पिठल्याकडे बघू लागलो.

रविवारी सकाळी अप्पांची लिंगपूजा झाली, मग चहा, मग धरणामागचा डोंगर. गुरुजी पुढे निघाले. "मी मागून नजर ठेवतो, कुणी चुकायला नको," म्हणत अप्पा शेवटी राहिले. सागाची झाडी संपली तेव्हा मागे वळून पाहिलं, तर अप्पा कुठेच दिसेनात.

गुरुजी एका दगडावर बसले. पुढचा बसला की सगळे बसतात. बऱ्याच वेळाने अप्पा धापा टाकत आले.

"थांबलाव कामून?"

"आता पुढं चालायचा मान माझा न्हाई, अप्पा. नियम तुमचाच हाय."

"मला कुणाची दया नको, गुरुजी!" अप्पांचा आवाज चढला. "म्हणत असाल तर हितूनच परत जातो."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "मग इतकी वर्षं मला पुढं चालवलं, ती दया होती का?"

अप्पा तसेच उभे राहिले. मग त्यांनी गुरुजींच्याच बाटलीतलं पाणी प्यायलं, उपरण्याने तोंड पुसलं.

"लय बोलायलाव आज," म्हणाले, आणि पुढे झाले.

थोडं चढलो असू, तोच अप्पांनी हात वर केला. पायवाटेवर मोर उभा होता, अगदी समोर. मागच्या आम्हाला दिसला तो फक्त गवतात शिरणारा पिसारा.

"पुढून डोंगर वेगळाच दिसायलाय की! आणि इतके दिवस सांगितलं न्हाई व्हय, गुरुजी?"

"सांगितलं असतं तर जागा गेली असती."

अप्पा इतके हसले की आम्हाला पुन्हा थांबावं लागलं. माथ्यावर पोचायला दुपार झाली. दुष्काळात तळ दाखवलेलं धरण खाली काठोकाठ भरलं होतं. अप्पांनी ते सगळ्यांच्या आधी पाहिलं आणि वाट अडवून उभे राहिले. बाजूने जायची कुणाची हिंमत झाली नाही.

घरी येऊन तीन दिवस झाले. पोटऱ्या अजून दुखतात. पण एखाद्याला पुढे घालणं म्हणजे त्याला सांभाळून घेणं, असं मी आजवर धरून चाललो होतो. ते मनातून गेलं, हे बरं झालं.

दिवाळीनंतर पुन्हा निघायचं ठरलं आहे. गुरुजींनी पुढची जागा परत मागितली आहे, आपला अधू पाय अप्पांच्या आजारापेक्षा जुना असल्याच्या आधारावर. अप्पा ती सोडायला तयार नाहीत. येत्या गुरुवारी दुकानात बैठक आहे; तिथे दोघंही आपण किती हळू चालतो हे पटवून देतील, अशी अपेक्षा आहे.